झाड गेलं, बुडखा राहिला: 8 महिन्यांनंतरचा अनुभव

मार्चमध्ये अंगणातली सुबाभूळ तोडली तेव्हा मी कामावर बेहद्द खूश होते. काल अंगणातली फरशी दुसऱ्यांदा उचकटावी लागली, म्हणून हे लिहायला बसले.

झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी शहरी भागात महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला तो नुसता ताप वाटायचा. पाहणीला आलेल्या माणसाने कंपाउंडवर कललेला बुंधा बघून विचारलं, "छाटून नाही का भागणार?" आम्ही हा विचार केलाच नव्हता. भागलं नाही, कारण मुळं भिंतीच्या पायात शिरली होती. पण माझं मत बदललं. या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी झाडं लावायची असतात. मंजुरीच्या कागदावर वय किती धरलंय ते नीट वाचा.

तोडणारे कामाला चोख. दोर लावून एकेक फांदी उतरवली, शेजारच्यांच्या पत्र्याला ओरखडा नाही. "लाकूड आम्ही नेणार, 11,000 मध्ये झाड काढून देतो, ताई."

घात केला तो "काढून" या शब्दाने. मी समजले मुळासकट. त्यांनी जमिनीपासून वीतभर वर कापलं. बुडख्याचे वेगळे 6,000. मी पैसे वाचवले.

पहिल्या पावसात सालीच्या कडेने पोपटी कोंब फुटले. मोजले, 23. खुडले, तर पंधरा दिवसांत करंगळीएवढे जाड. शेळ्यांना पाला मिळावा म्हणून गावाकडे सुबाभूळ मुद्दाम छाटतात, ती पुन्हा फुटते म्हणूनच. लहानपणापासून बघितलेलं, ऐन वेळी आठवलं नाही. गणपतीपर्यंत चारदा छाटले. काळं प्लास्टिक घट्ट बांधलं, तर कोंब कडेने बाहेर.

बोळ साडेतीन फुटांचा, जेसीबी आत येईना. शेवटी बुडखा खणून काढायला दोन गडी, पहार, कुऱ्हाड, तीन दिवस आणि 9,000 रुपये. तुम्ही दर ठरवाल तेव्हा बुडखा आणि मुळं धरून की सोडून, हे लिहून घ्या. खड्डा भरला की माती धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून घ्या, लगेच फरशी बसवू नका. मी बसवली आणि दिवाळीनंतर ती खचली.

काल उचकटली तर खाली मनगटाएवढं मूळ राहिलेलं, आणि त्याला वाळवी. पेस्ट कंट्रोलवाला शनिवारी येतोय. दाराच्या चौकटी धरून की सोडून, हे त्याच्याकडून आधीच लिहून घेतलंय.