संत्रा बर्फीची साइट आणि ‘अनलिमिटेड’ शेअर्ड होस्टिंग

सीताबर्डीवरच्या आमच्या संत्रा बर्फीच्या दुकानाची साइट ज्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आहे त्याचा रिव्ह्यू, कंपनीचं नाव घेत नाही. जाहिरातीत बँडविड्थ अनलिमिटेड, पण अडतं भलतीकडेच. सर्व्हरवर क्लाउडलिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, त्यात प्रत्येक अकाउंटला सीपीयू, रॅम, एन्ट्री प्रोसेस सगळं बांधून दिलेलं, आमच्या प्लॅनला एन्ट्री प्रोसेस २०, म्हणजे एकाच वेळी तेवढ्या पीएचपी रिक्वेस्ट (पान तयार करून द्यायच्या मागण्या) चालू असल्या की पुढच्या गिऱ्हाईकाला पानाऐवजी सरळ ‘लिमिट संपली’वाला ५०८ एरर. ऐन दिवाळीत! डोकं फिरलं ना राजेहो. सपोर्टवाला म्हणे प्लॅन वाढवा. अरे पण सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) रिसोर्स युसेज अन् लॉग उघडून पाहिले तर बराचसा लोड एक्सएमएल-आरपीसी या, बाहेरच्या प्रोग्रॅमला साइटशी बोलू देणाऱ्या फाइलवर धडकणाऱ्या बॉटचा, म्हणजे आपोआप रिक्वेस्ट मारणाऱ्या प्रोग्रॅमचा. ती फाइल ब्लॉक केली, पेज कॅशिंग (एकदा बनलेलं पान साठवून तेच पुन्हा देणं) लावलं, फोटोंचं हॉटलिंकिंग (दुसऱ्या साइटनी आपले फोटो थेट आपल्या सर्व्हरवरून दाखवणं) बंद केलं, मग जमलं. लिमिट असावी हे मला पटतं, नाहीतर शेजारच्या अकाउंटची बिघडलेली स्क्रिप्ट आपल्यालाही घेऊन बुडेल. फक्त हे आकडे प्लॅनच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा ना, अटींत काय लपवता? लहान दुकानाला चालेल, गर्दी जास्त असेल तर व्हीपीएस (स्वतःच्या वाट्याचा वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर) बघा. ५ पैकी ३.