टर्नटेबलला महागडी पॉवर कॉर्ड: पावसाळा-दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

टर्नटेबलची, म्हणजे एलपी वाजवायच्या यंत्राची, विजेची वायर महागडी घेतली तर आवाज सुधारतो का? आधी उत्तर देऊन टाकतो म्हणजे घाईतले लोक सुटतील. आवाजात फरक शून्य. कॉर्ड बनवलीय झकास, नायलॉनची जाळी, जाडजूड प्लग, हातात घेतली की पैसे दिसतात, पण एलपी लावली की ते पैसे कुठे जातात ते मला दिवाळी उलटून गेली तरी ऐकू आलेलं नाही.

नवीन घेतली तर अकरा-बारा हजार, मला कॅनडाला निघालेल्या मित्राने अर्ध्यात दिली. ठाण्यात नौपाड्यातली जुनी बिल्डिंग, क्वार्ट्झवालं डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट तबकडी फिरवते) टर्नटेबल, मागे कॉम्प्युटरला असतो तसला पॉवर सॉकेट, ऑर्टोफोन टू एम रेड कार्ट्रिज (सुई असलेला भाग), त्याचा बारीक सिग्नल मोठा करणारा वेगळा फोनो प्रीॲम्प. ऐकतो मुख्यतः शास्त्रीय, घरातल्याच जुन्या एचएमव्हीच्या एलपी.

शास्त्रीय मुद्दाम सांगतोय, कारण तानपुऱ्यासारखी टेस्ट नाही. ड्रम-गिटारच्या गदारोळात बरंच काही खपून जातं, इथे स्पीड जरा डगमगला की षड्ज हलतो आणि खाली हम (विजेची घूं घूं) असेल तर भीमसेनजी दोन आलापांमध्ये थांबले रे थांबले की तो उघडा पडतो. मुलीला सांगितलं मी बाहेर गेलो की कधी ही कॉर्ड लाव, कधी साधी तीनशे रुपयेवाली लाव, कधी बदलूच नको, आणि मला सांगू नको. माझे अंदाज म्हणजे नाणं उडवल्यासारखे निघाले, तिची मात्र मस्त करमणूक झाली.

आणि फरक पडावा तरी का? असलं टर्नटेबल साधारण दहा वॅट खातं, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ४०-४५ मिलिॲम्पियर, आपला टेबल फॅन याच्या कितीतरी पट ओढतो. साध्या दीड मीटर कॉर्डमध्ये एवढ्या करंटला तीन-चार मिलिव्होल्ट पडतील, आणि संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की आमच्याकडे लाइनच पाच-दहा व्होल्टने खाली-वर होते, त्यापुढे हे काय! शिवाय आत गेल्यावर त्या एसीचं डीसी होतं आणि स्पीड ठरवतो क्वार्ट्झ क्रिस्टल. भिंतीतली जुनी वायरिंग तीच, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर तोच, शेवटच्या दीड मीटरला सोन्याचा मुलामा देऊन काय होणार?

हम हा खरा विषय आहे, त्यावर जरा थांबतो. कार्ट्रिजमधून सिग्नल येतो पाचेक मिलिव्होल्ट, आणि फोनो प्रीॲम्प आरआयएए कर्व्हप्रमाणे (एलपी कापताना दाबलेला खालचा आवाज परत वर आणायचं ठरलेलं माप) ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळपास १७ डेसिबल जास्त उचलते, म्हणजे मेन्सचा हम कुठून थोडा जरी शिरला तरी तो वाढून स्पीकरला पोचतो. पण शिरतो तो बहुतेक सिग्नल केबल, सुटलेली ग्राउंड वायर नाहीतर शेजारच्या ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमधून. माझ्याकडे टोनआर्मला (सुईच्या दांडीला) बोट लावलं की हम कमी व्हायचा, दोन्ही कॉर्डवर सारखाच. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने बोर्ड उघडला तर अर्थिंगची वायर स्क्रूखाली नुसती टेकवलेली, हिरवट काळी पडलेली. त्याने टोक कापून, नवीन सोलून घट्ट बसवली, अडीचशे रुपये घेतले आणि चहा पिऊन गेला. हम गेला. मग प्रीॲम्पच्या मागे पॉवरची वायर आणि सिग्नलची वायर वीतभर लांब केल्या, जिथे ओलांडायलाच लागतात तिथे काटकोनात, त्याने उरलासुरला पण गेला. कॉर्डचं शिल्डिंग उपयोगी पडलंच तर या दोन वायरी चिकटून जातात तिथे, पण लांब सरकवणं फुकट आहे.

आई गाणं शिकलीय. तिने एक एलपी ऐकून सांगितलं, "हा तानपुरा झुलतोय रे." बघितलं तर मधलं भोक किंचित बाजूला, सुई दर फेरीला आत-बाहेर, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना बरोबर १.८ सेकंदांनी एक झोका. सत्तरीतल्या कानांना हे कळतं आणि अकरा-बारा हजारांची कॉर्ड कळत नाही, यातून काय ते समजा.

त्रास मात्र झाला. कॉर्ड एवढी ताठ की टर्नटेबल मागून ओढलं जायचं, बबल लेव्हल ठेवून परत टर्नटेबलचे पाय फिरवायला लागले. आणि प्लग युरोपियन, दोन गोल पिना, अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांना, तो आपल्या थ्री-पिन सॉकेटमध्ये कोंबला तर बसतो, पण अर्थ जोडलाच जात नाही, वर वजनाने सैल होऊन चरचरतो. ॲम्पला असली कॉर्ड लावणाऱ्यांनी हे नक्की बघा, बॉडीला झिणझिण्या येतील. मी थ्री-पिन टॉप लावून घेतला.

बेल्ट ड्राइव्हवाल्यांचं, म्हणजे मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते त्यांचं, थोडं वेगळं. एसी सिंक्रोनस मोटर लाइनच्या ५० हर्ट्झवर फिरते, पण कॉर्ड काही फ्रिक्वेन्सी बदलत नाही, तिथे पैसे घालायचेच तर प्रोजेक्टच्या स्पीड बॉक्ससारखी किंवा रेगाच्या निओसारखी वस्तू घ्या, जी मोटरला स्वतः सप्लाय बनवून देते आणि ४५ च्या स्पीडला जाताना बेल्ट हलवायचे कष्ट वाचवते. ॲडॅप्टरवाली असेल तर बदलायला कॉर्डच नसते, सुटलात. माझ्या बजेटमध्ये पुढचा नंबर नव्या स्टायलसचा (सुईचा) आहे, जुन्याचे तास भरत आलेत, आणि सुईचा दाब मोजायला एक डिजिटल काटा, टू एम रेडला १.८ ग्रॅम लागतं ते टोनआर्मवरच्या आकड्यावर विसंबून ठेवायचं नाहीये.