एफसी रोडजवळचं कॅफे: कॉफी पाणचट, बाकी एक नंबर

पुण्यात एफसी रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. नाव मुद्दाम टाकत नाहीये, उगाच कोणीतरी जाऊन मालकीणबाईंच्या डोक्याला ताप देईल. प्राइड वॉक (गे, लेस्बियन, ट्रान्स अशा आपल्या लोकांचा मोर्चा) संभाजी बागेतून निघतो, जेएम रोड एफसी रोड करतो, त्यामुळे संपल्यावर आमचं सगळं टोळकं तिकडेच घुसलं, कोणाच्या गालावर इंद्रधनुष्य, एकाने तर आईची पैठणी नेसलेली, आणि शेजारच्या टेबलावर काका-काकू शांतपणे साबुदाणा वडा खातायत. म्हटलं झालं, आता सुरू होणार. पण वेटर एवढंच म्हणाला, "किती जण? टेबलं जोडू का?"

आता खरी गंमत. कोपऱ्यात कॉलेजचं एक कपल जरा जास्तच चिकटून बसलेलं, तर मालकीणबाई जाऊन म्हणाल्या, "बाळांनो, लहान पोरं आहेत इथे, आवरा जरा." थोड्या वेळाने आमच्यातल्या दोघांनाही सेम वाक्य, सेम आवाज. हातात हात घेऊन बसलेल्यांना मात्र काही नाही, ना तिकडच्या ना इकडच्या. आमचा एक मित्र लगेच फुगला, होमोफोबिक आहेत म्हणे. मला तर बरं वाटलं यार, चारचौघांएवढीच बोलणी खाल्ली, त्याच्यावर एक्स्ट्रा काही नाही! आणि कायद्याचं बघायला गेलं तरी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला सोडवलं, राहिलं ते सार्वजनिक ठिकाणी अश्लील वागण्याचं कलम, आधी दंड संहितेत २९४ होतं आता न्याय संहितेत २९६, त्यात इतरांना त्रास झाला का ते बघतात, जोडी कसली आहे ते नाही. २०१७ च्या वॉकला आयोजकांनी सभ्य कपडे घालून या म्हटल्यावर आपल्याआपल्यातच केवढी वादावादी झालेली आठवतंय ना? माझ्या मते कपड्यांचं आमचं आम्ही बघू, पैठणीमुळे काकूंचा वडा काही गार होत नाही. पण गळ्यात पडून जे चालतं ते घरी करा की, मग कोणीही असा.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची एक मुलगी आमचं रील काढायला लागली. बाई तिथेही पोचल्या, "त्यांना विचारलंस का? नाही ना, मग डिलीट कर," आणि समोर उभं राहून डिलीट करायला लावलं. आमच्यातल्या दोघांच्या घरी अजून काहीच माहीत नाही, त्यामुळे ह्या एका गोष्टीसाठी पाचपैकी पाच.

खाण्याचं म्हणाल तर कोल्ड कॉफी अजिबात घेऊ नका, १८० रुपयांत नुसतं गोड पाणी. चिली चीज टोस्ट भारी, वडा गरम असेल तरच मागवा. वॉशरूम एकच आहे, सगळ्यांना कॉमन, त्यामुळे आमच्या ट्रान्स मैत्रिणीला कुठल्या दारातून जाऊ हा प्रश्नच आला नाही, फक्त कडी ढिली आहे, बाहेर कोणालातरी उभं करून जा. पार्किंग नाही.