दहा महिन्यांचा लॅपटॉप आणि एक हरवलेला स्क्रू

हा लॅपटॉप मी डिसेंबर २०२४ मध्ये घेतला. त्याच्या प्रोसेसरविषयी आणि पडद्याविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे, ते पुन्हा लिहीत नाही. कळफलक उत्तम आहे, टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि ब्राउझर चालू ठेवून बॅटरी पाच तास पुरते, खिडकीजवळ बसले की पडदा धड दिसत नाही. एवढे सांगून मी थेट त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे एप्रिलमध्ये माझे चार दिवस वाया गेले.

प्रथम माझ्या काटकसरीची कबुली द्यायला हवी. मी २५६ जीबीचे मॉडेल घेतले, कारण ५१२ जीबीसाठी कंपनी सात हजार रुपये जास्त मागत होती आणि तेवढ्याच क्षमतेची चांगली एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारा ड्राइव्ह, बाजारातल्या एका दुकानात ३,४०० रुपयांत बसवून मिळत होती. वाचलेल्या ३,६०० रुपयांचा मला पुढचे चार महिने अभिमान होता.

टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या सहा यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब मी पाहतो. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची मुदत २० तारखेची, आणि १७ एप्रिलच्या दुपारी, बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, लॅपटॉप एकदम निळा पडला, आपोआप पुन्हा सुरू झाला आणि बूट करण्याजोगे उपकरणच सापडत नसल्याचा संदेश दाखवून थांबला. एफ-२ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत, गेलो, तर ड्राइव्हच्या नावाची जागा रिकामी होती.

ही रिकामी जागा महत्त्वाची आहे. बायॉसमध्ये ड्राइव्ह दिसत असेल आणि विंडोज सुरू होत नसेल, तर बिघाड बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. बायॉसलाच ड्राइव्ह दिसत नसेल, तर तो ड्राइव्ह, तो ज्यात खोचतात ते सॉकेट किंवा त्या दोघांमधला संपर्क यांपैकी कशात तरी आहे, आणि अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्यात काहीच अर्थ नसतो. कंपनीच्या दूरध्वनी सेवेतील गृहस्थांना मी हे तीनदा सांगितले. त्यांनी तीनही वेळा विंडोज पुन्हा टाकण्याची सूचना केली. ज्या भिंतीवर खुंटीच नाही तिथे सदरा कसा अडकवायचा, हे त्यांनाच ठाऊक. आणखी एका परिचिताने बायॉसमधील व्हीएमडी हे ड्राइव्हच्या हाताळणीचे सेटिंग बंद करायला सांगितले. ते मी केले नाही याचे समाधान आहे, कारण ते चालू असताना टाकलेले विंडोज नंतर ते बंद केल्यास सहसा सुरूच होत नाही, आणि मग एकाच्या जागी दोन दुखणी झाली असती.

सेवा केंद्रात लॅपटॉप नेला. तिथे वीस मिनिटांत निदान झाले: सॉकेट निकामी, मदरबोर्ड बदलावा लागेल, खर्च २१,४०० रुपये, आणि ड्राइव्ह बाहेरून बसवलेला असल्याने हमी लागू नाही. मी लॅपटॉप उचलून घरी आणला. त्या संतापात मी या अनुभवाचा पहिला मसुदा लिहिला होता. त्यात या लॅपटॉपला एक तारा होता, आणि तोही शून्य देण्याची सोय नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, कसलीही आशा न ठेवता, मी तो सुरू केला आणि विंडोज व्यवस्थित उघडले. दुपारी एकच्या सुमारास ड्राइव्ह पुन्हा गायब झाला. संध्याकाळी लॅपटॉप पूर्ण बंद करून दोन तास ठेवल्यावर परत दिसला. मेलेला ड्राइव्ह असा पहाटे उठून बसत नाही आणि निकामी सॉकेटही नाही, तेव्हा उष्णतेने कुठला तरी संपर्क सुटतो आहे असा तर्क मी केला. ड्राइव्ह दिसताक्षणी पहिले काम मात्र तर्क लढवण्याचे नसून नक्कल काढण्याचे असते, आणि तिथे मी चुकलो. पहाटेचे अडीच तास मी मंचांवरील चर्चा वाचण्यात घालवले.

त्यामुळे ड्राइव्ह बाहेर काढून भाच्याच्या लॅपटॉपला जोडण्याची वेळ आली. त्यासाठी यूएसबीवर चालणारा केस, म्हणजे ड्राइव्ह आत बसवायचे कवच, लागतो. भाच्याने आणलेला पहिला केस सॅटा प्रकारच्या ड्राइव्हचा निघाला, आणि माझा ड्राइव्ह एनव्हीएमई या दुसऱ्या प्रकारचा होता. दोन्ही दिसायला सारखे असले तरी जोडणीच्या टोकाला सॅटा ड्राइव्हला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक. केस घेताना डब्यावरील अक्षरे वाचावीत. दुसरा केस १,१५० रुपयांना मिळाला. ड्राइव्ह जोडला, ओळखला गेला, आणि पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागणारी चौकट आली.

“मामा, हे बिटलॉकर तुम्ही कधी लावलं?” भाच्याने विचारले. मी काहीच लावले नव्हते. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सुरू केले की अनेक लॅपटॉपवर ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने आपोआप कुलूपबंद होतो. सुदैवाने ती किल्ली त्याच खात्यात जपलेली असते. फोनवरून खाते उघडले, चौकटीतील ओळखक्रमांक खात्यातील ओळखक्रमांकाशी ताडून पाहिला आणि सहा-सहा अंकांचे आठ गट भाच्याला वाचून दाखवले. सहाही कारखान्यांचा टॅलीचा डेटा शाबूत होता. विवरणपत्रे मी भाच्याच्याच लॅपटॉपवरून १९ तारखेच्या रात्री भरली.

आता त्या स्क्रूविषयी, ज्यासाठी खरे तर मी हे सगळे लिहीत आहे.

मागचे झाकण काढल्यावर दिसले ते असे. कंपनीचा मूळ ड्राइव्ह २२४२ मापाचा, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ४२ मिलिमीटर लांब होता. नवा २२८०, म्हणजे तेवढाच रुंद पण ८० मिलिमीटर लांब. ड्राइव्हचे मोकळे टोक ज्या पितळी नटावर स्क्रूने दाबले जाते, तो नट ४२ च्या जागेवर होता. तो पक्कडीने फिरवून काढायचा आणि ८० च्या छिद्रात बसवायचा, हे दोन मिनिटांचे काम. दुकानदाराने नट जिथल्या तिथे ठेवला, लांब ड्राइव्ह त्याच्यावरूनच आडवा घातला आणि मोकळे टोक दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवले! हे सॉकेट स्वभावतःच ड्राइव्हला तिरका वर उचलून धरते. त्याला खाली दाबून ठेवणे हेच स्क्रूचे काम. डिसेंबरपासून मार्चपर्यंत टेपने ते निभावले. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तिचा डिंक मऊ झाला, टोक केसभर उचलले गेले आणि संपर्क सुटू लागला. पहाटे डिंक घट्ट, तर ड्राइव्ह हजर. दुपारी डिंक सैल, तर ड्राइव्ह गैरहजर.

मूळ स्क्रू कुठेच नव्हता. माझा पहिला राग कंपनीवर होता, की ७० हजारांच्या वस्तूच्या खोक्यात चार पानी रंगीत पत्रके घालता येतात आणि एक जादा स्क्रू घालता येत नाही. नंतर संकेतस्थळावरील दुरुस्ती पुस्तिका उघडली, तर तिच्यात नट हलवण्याचे स्वतंत्र चित्र होते. म्हणजे कंपनीने सांगितले होते, दुकानदाराने वाचले नव्हते, आणि त्याने ड्राइव्ह बसवला तेव्हा मी समोरच्या गाड्यावर इडली खात होतो. सेवा केंद्राचा अपराध मात्र मला यांपैकी कशानेही कमी वाटत नाही. झाकण उघडून ती टेप ज्याला दिसली नाही, त्याने मदरबोर्डची किंमत सांगू नये.

नवी पेठेत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाकडे नेमक्या मापाचा, दोन मिलिमीटर जाडीचा बारीक स्क्रू मिळाला. “राहू द्या काका, स्क्रूचे काय पैसे घ्यायचे,” असे तो म्हणाला. मी तरीही दहा रुपये ठेवले. नट हलवला, टेपचा चिकटा पुसला, स्क्रू आवळला.

त्या दिवसापासून ड्राइव्ह एकदाही गायब झालेला नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, दुपारच्या उकाड्यात, मुद्दाम तीन तास मोठ्या फायलींची नक्कल चालवून पाहिली, तेव्हाही नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्ह तपासणारे सॉफ्टवेअर त्याची प्रकृती ९८ टक्के दाखवते. एका ताऱ्याचा मसुदा मी खोडला आणि चार दिले आहेत. पाचवा पडद्यासाठी कापला.

एक बाब शिल्लक आहे. झाकण उघडताना जुन्या एटीएम कार्डाने कडेचा एक खटका तुटला आणि कोपऱ्यात बारीक फट राहिली. कारखान्यात बसलो की तिच्यातून कापसाची तूस आत जाते. सेवा केंद्र म्हणते की खटका सुटा मिळत नाही, पूर्ण झाकण घ्यावे लागेल आणि ते २,९०० रुपयांना पडेल. ते मी घेणार नाही. सध्या त्या फटीवर मी टेप लावली आहे.