लेझर डॉपलर स्कॅनर की स्पेकल कॅमेरा: बेळगाव भागातल्या रुग्णालयाने काय निवडावे?

वरवर भाजलेली जखम आणि पूर्ण खोल जखम अनुभवी सर्जन नजरेने ओळखतो. अडतं ते मधल्या खोलीच्या जखमेत. ती तीन आठवड्यांत आपोआप भरेल की त्वचारोपण करावं लागेल, हे डोळ्यांना नीट कळत नाही. चिकोडी-निपाणीकडच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळाच्या काहिलीतला उकळता रस अंगावर सांडला, तर तो चिकटून राहतो आणि एकाच जखमेत उथळ व खोल भाग शेजारीशेजारी तयार होतात. अशा वेळी त्वचेतला रक्तप्रवाह चित्रात दिसणं मोलाचं ठरतं, आणि ते चित्र लेझर डॉपलर स्कॅनर व स्पेकल कॅमेरा ही दोन यंत्रं वेगवेगळ्या तऱ्हेने देतात.

डॉपलर स्कॅनर कमी शक्तीचा लेझर किरण, ६३३ किंवा ७८५ नॅनोमीटरच्या आसपासचा, हलत्या आरशाने जखमेवर ओळीओळीने फिरवतो. स्थिर ऊतीवरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता तीच राहते, धावत्या तांबड्या पेशींवरून परतलेल्याची किंचित बदलते. दोन्ही शोधकावर एकत्र आले की साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा संकेत मिळतो. त्यावरून पेशींची संख्या आणि सरासरी वेग यांचा गुणाकार काढतात. आकडा सापेक्ष असतो, मिलिलिटरमध्ये नसतो. किरण सुमारे १ ते १.५ मिलिमीटर खोल पोचतो. चित्रात लाल म्हणजे भरपूर प्रवाह, निळा म्हणजे तुटपुंजा.

स्पेकल कॅमेरा लेझर पसरवून पूर्ण भाग एकदम उजळतो. त्वचेवर दिसणारे प्रकाशाचे दाणेदार ठिपके पेशी हलत असतील तिथे काही मिलिसेकंदांच्या छायाचित्रात पुसट होतात. जितका पुसटपणा जास्त, तितका प्रवाह जास्त. सेकंदाला अनेक चित्रं मिळतात, पण नजर जाते ती वरच्या काही दशांश मिलिमीटरपर्यंतच.

म्हणून भाजलेल्या रुग्णांसाठी आमचं मत स्पष्टपणे डॉपलरकडे झुकतं. खोलवरच्या रक्तवाहिन्या तग धरून आहेत का, हाच तिथला प्रश्न असतो. शिवाय पुरावाही याच पद्धतीचा जास्त आहे. उपचार आणि उपकरणांबाबत मार्गदर्शन देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०११ मध्ये भाजलेल्या जखमांसाठी अशा स्कॅनरला अनुकूल मार्गदर्शन दिलं. शस्त्रक्रियेत फ्लॅपचा, म्हणजे जखम झाकायला सरकवलेल्या जिवंत त्वचा-ऊतीच्या तुकड्याचा, रक्तपुरवठा क्षणोक्षणी पाहायचा असेल, किंवा हाताला पट्टा आवळून सोडल्यावर प्रवाह कसा उसळतो ते मोजायचं असेल, तर मात्र स्पेकल घ्या. मोठं क्षेत्र स्कॅन करायला डॉपलर काही मिनिटं घेऊ शकतो, म्हणून अशा झटपट बदलांसाठी तो कामाचा नाही.

मधुमेही पायांसाठी यातलं काही घ्यायची घाई करू नका. दोन्ही यंत्रं त्वचा पाहतात, पायाची बंद पडलेली धमनी दाखवत नाहीत. तिथे हातात धरायचा अल्ट्रासाऊंड डॉपलर (लेझरचा नव्हे) आणि पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब आधी हवा.

डॉपलरचं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा तयारीत. भाजल्यापासून ४८ तासांच्या आत केलेलं स्कॅन भरवशाचं नसतं. तिसरा ते पाचवा दिवस उत्तम. खानापूरहून पहिल्याच दिवशी पाठवलेल्या रुग्णाला तेव्हाच पुन्हा बोलवावं लागेल, हे धरून चाला. सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजल्यावर लावायच्या मलमाचा थर आणि सुटलेली मृत त्वचा पूर्ण काढा, ओलावा टिपा. राहिलेलं मलम प्रकाश अडवतं आणि प्रवाह खोटा कमी दाखवतं. जंतुसंसर्ग उलट खोटा जास्त दाखवतो. खोली २२ ते २४ अंशांवर ठेवा, रुग्णाला १५ मिनिटं तिथे शांत पडू द्या. त्याआधी तंबाखू आणि चहा-कॉफी बंद. निकोटीन त्वचेतल्या वाहिन्या आवळतं. लहान मूल हललं की चित्रावर पट्टे उमटतात, म्हणून मदतनीसाला ‘हलू नका’ मराठीत आणि ‘अल्लाडबेडि’ कन्नडात, दोन्ही सांगता यायला हवं. गोंदण आणि वाकडे पृष्ठभाग, जसं पोटरीची कड, तिथलं वाचन स्वतंत्रपणे तपासा. किरणाच्या वाटेत डोळे येत असतील तर रुग्णाला संरक्षक चष्मा लावा.

खरेदीपूर्वी सावळ्या त्वचेवर प्रात्यक्षिक मागा, कारण मेलॅनिन प्रकाश शोषतं आणि संकेत क्षीण होतो. स्कॅन अर्ध्यात तुटू नये म्हणून यूपीएसची सोय करा. अंशशोधनासाठी, म्हणजे यंत्राचं मापन बरोबर आहे का ते पडताळायला, सूक्ष्म गोळ्यांचं द्रावण लागतं आणि त्याची मुदत संपते, तेव्हा त्याची आणि सेवा-कराराची किंमत कोटेशनमध्येच लिहून घ्या.