ओटीवर साग, स्वयंपाकघरात अ‍ॅल्युमिनियम: सोळा महिन्यांचा अनुभव

आमचं गुहागरचं घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. समुद्र चालत सात मिनिटांवर. २०२३ च्या पावसाळ्यात जुन्या माळ्याच्या फळ्या वाळवीनं इतक्या खाल्ल्या की आईच्या अंथरुणावर वरून माती पडायला लागली. कौलांखाली छत तर हवंच. नाहीतर फटींतून धूळ, पाचोळा, उंदरांच्या लेंड्या सगळं खाली येतं आणि वैशाखात कौलांची धग थेट डोक्यावर. प्रश्न एवढाच होता की सागाची तक्तपोशी करायची की अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या मारायच्या.

भावाला सगळीकडे अ‍ॅल्युमिनियम हवं होतं, मला सगळीकडे लाकूड. शेवटी ओटी, माजघर आणि आईची खोली सागाची. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागची पडवी अ‍ॅल्युमिनियमची असं ठरलं. काम फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरं झालं. आता जून २०२५. दोन उन्हाळे आणि एक अख्खा पावसाळा दोन्ही छतांखाली काढल्यावर लिहितोय.

सुतारकाकांनी सुरुवातीलाच वजनाचा विषय काढला, आणि तो निघाला हे बरं झालं. १८ मिलिमीटर जाडीचा साग चौरस मीटरला बारा किलोच्या आसपास भरतो. आमचं माजघर १२ बाय १५ फूट, म्हणजे नुसत्या फळ्यांचंच वजन दोनशे किलो. अर्ध्या मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या तेवढ्याच जागेत पंचवीस किलोच्या आत बसतात, वरचा सांगाडा वेगळा. माजघराच्या तुळया दणकट आहेत, त्यांनी भार सहज घेतला. पडवीचे वासे मात्र जुने नि बारीक. तिथे साग लावायचा तर वासेच बदलावे लागले असते. पडवीत अ‍ॅल्युमिनियम आलं ते या कारणानं, स्वस्त म्हणून नाही. खर्चाचं म्हणाल तर आम्हाला चौरस फुटामागे लाकूड अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ चौपट पडलं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवाले तीन दिवसांत आवरून गेले आणि सुतारकाका सतरा दिवस येत होते.

खरी परीक्षा यंदा झाली. दरवर्षी आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शाकारणी करतो, फुटकी कौलं बदलतो, सरकलेली नीट बसवतो. यंदा मोसमी पाऊस २५ मेला कोकणात आणि २६ ला मुंबईत पोचला. आमची शाकारणी व्हायची होती. माकडांनी तीन-चार ठिकाणी कौलं सरकवलेली होती, त्यातलं एक स्वयंपाकघरावर आणि एक आईच्या खोलीवर.

स्वयंपाकघरात पट्ट्यांच्या फटीतून पहिल्याच रात्री ठिबकायला लागलं. वहिनीनं खाली पातेलं ठेवलं आणि सकाळी उघडीप मिळताच भावानं वर चढून कौल सरळ केलं. पट्ट्या पुसल्या, विषय संपला. आईच्या खोलीत काहीच दिसलं नाही. फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खोबणीत घट्ट बसलेली, त्यामुळे पाणी खाली न येता फळ्यांवर पसरत भिंतीपर्यंत गेलं. नवव्या दिवशी कोपऱ्यात तळहाताएवढा काळपट डाग उमटला तेव्हा कुठे आम्हाला कळलं. वरची बाजू पाहायला एक फळी काढली तर तिच्या पाठीवर पांढरी बुरशी धरलेली. सागाला नऊ दिवसांच्या ओलीनं काही होत नाही, फळी अजून टणक आहे. पण हेच पाणी अख्खा पावसाळा मुरलं असतं तर? लाकूड पाणी पितं आणि गप्प बसतं. कौलांखाली लाकूड लावणाऱ्यानं हे आधी मनाशी पक्कं करावं आणि वर चढायला झडप ठेवावी. आमच्याकडे माजघरात दोन बाय दोनची झडप आहे, ती सुतारकाकांच्या हट्टामुळे. मी तेव्हा ‘छताचा तुकडा पडलेला दिसेल’ म्हणून नको म्हणत होतो. आता दर पंधरा दिवसांनी बॅटरी घेऊन वर डोकावतो.

लाकडाचा दुसरा त्रास पाचव्या महिन्यात सुरू झाला. ओटीवरच्या झोपाळ्यावर रोज सकाळी पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसायचा. वर पाहिलं तर एका फळीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. सुतारकाकांनी फळी हातात घेऊन दाखवलं: मधला गाभा तपकिरी, पण कडेला दोन बोटं पट्टा पांढरट. किडा फक्त त्या पांढऱ्या पट्ट्यात होता, गाभ्याला त्यानं तोंडही लावलं नव्हतं. वखारीतून आलेल्या मालात अशा तीन फळ्या होत्या. त्या बदलल्या आणि बाकीच्या फळ्यांना वरच्या बाजूनं बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी मारलं. त्यानंतर भुसा पडलेला नाही. साग म्हटला की कीड लागत नाही हे गाभ्यापुरतं खरं आहे. फळ्या घेताना दोन्ही कडा उजेडात धरून पाहा, पांढरा पट्टा असेल ती फळी बाजूला काढा.

फळ्या फुगतात-आटतात याची मला धास्ती होती, पण तसं काही बिघडलं नाही. प्रत्येक फळी एकाच कडेला ठोकलेली आहे, दुसरी कड खोबणीत मोकळी. मे महिन्यात सांध्यात रुपयाच्या नाण्याची कड जाईल एवढी फट पडते, जुलैत ती पूर्ण मिटते. दोन्ही कडांना खिळे मारले असते तर फळ्या तडकल्या असत्या.

आता अ‍ॅल्युमिनियम. स्वयंपाकघरात त्याला पर्याय नाही, असं मी आज ठामपणे म्हणतो. फोडणीचा तेलकट धूर लाकडावर बसला की चिकट थर होतो आणि तो निघत नाही. पट्ट्या वहिनी महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या पाण्यानं पुसते, दहा मिनिटांचं काम. एकदा कामाला आलेल्या मावशींनी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी वापरलं. चुलीवरच्या सहा पट्ट्यांची चमक गेली आणि कापलेल्या कडांवर पांढरे डाग आले, ते अजून आहेत. सोडा, चुना, ओलं सिमेंट हे अ‍ॅल्युमिनियमला खातं. भिंतीला चुना द्यायचा असेल तर छताच्या आधी द्या, नाहीतर पट्ट्या झाकून घ्या.

माझी सगळ्यात मोठी तक्रार पडवीची आहे. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा असं ठेकेदाराला मी स्वतः सांगितलं होतं, तो हो म्हणाला होता. स्वयंपाकघरात ते लावले आणि पडवीत साधे लोखंडी मारले. एका पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूखाली गंजाचा ओघळ, आणि स्क्रूच्या भोवती अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी. खारी, दमट हवा असली की लोखंडाला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजायला लागतं. एक स्क्रू काढला तर भोक पेन्सिल जाईल एवढं मोठं झालं होतं. पट्टी वीस वर्षं टिकेल, पण चार आण्यांच्या स्क्रूपायी ती पाच वर्षांत लोंबेल. समुद्राजवळ घर असेल तर काम चालू असताना स्वतः शिडीवर चढून स्क्रू पाहा. स्टेनलेसच्या स्क्रूखाली नायलॉनचा वॉशरही हवा.

आवाजाचं कुणी आधी सांगत नाही. बारा फुटी पट्टी सकाळपासून दुपारपर्यंत पंचवीस अंशांनी तापली की दोन मिलिमीटरच्या वर लांबते. उन्हातून ढग गेला की पडवीत टक्... टक्... असे आवाज येतात. पहिले काही दिवस आईला वर कुणीतरी चालतंय असं वाटायचं. पट्टीच्या टोकाला भिंतीपाशी जागा सोडली नाही तर तिला पोट येतं, आमच्या दोन पट्ट्यांना आलं. आणि एप्रिलच्या दुपारी पडवीच्या पट्टीला हात लावला तर चटका जाणवतो, माजघरातली फळी त्याच वेळी कोमट असते. माजघरात पंख्याखाली झोप लागते. पडवीत दुपारी कुणी थांबत नाही.

पुन्हा करायचं झालं तर विभागणी हीच ठेवीन, फक्त आईच्या खोलीला स्वतःची झडप करीन. पडवीचे दोनशे चाळीस स्क्रू आणून ठेवलेत, गणपतीनंतर पाऊस ओसरला की एकेक करून बदलणार आहे.