सोलापुरी चादर, पण उघड्यावर झोपणाऱ्याच्या अंगावर

आधीच सांगते, चादर चांगली आहे. चुकलं ते माझं गणित.

आमचे वडील जेकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर होते. त्यामुळं चादर हातात आली की मी पहिल्यांदा ती उलटी करून बघते. नक्षी दोन्हीकडं तेवढीच स्वच्छ हवी, फक्त रंगांची अदलाबदल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी त्या नावानं भलतंच काहीतरी विकणारे आहेतच, म्हणून मी शोरूममध्ये न जाता सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरगुती दुकानात गेले. पुढच्या खोलीत थप्प्या, मागं माग चालू. भाव करायचा तर ओरडूनच.

"कुणाला द्यायच्यात?" दुकानदार अण्णांनी विचारलं.

"स्टेशनाबाहेर झोपतात त्यांना. भोगीला."

"मग सेकंड घ्या की ओ बाई."

सेकंड म्हणजे कुठं दोरा तुटलेला, कुठं मोराची मान इंचभर सरकलेली. एक नंबरला साडेचारशे, सेकंडला तीनशे. मला ते लागलं. सणाचं द्यायचं आणि खोट असलेलं? दहाच्या दहा एक नंबर घेतल्या, लालभडक. घरी काट्यावर एक ठेवून बघितली, पावणेदोन किलो. तेव्हा तर छातीच फुगली माझी. मिठाच्या पाण्यातून काढल्या, गच्चीवर वाळवल्या. एकीचा लाल रंग पांढऱ्यावर उतरला. ती धुतलेली चादर अण्णांनी हूं की चूं न करता बदलून दिली. दुकानाला माझे पूर्ण गुण इथंच.

भोगीच्या रात्री भाचा आणि मी स्कूटरवरून निघालो. सोबत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, शिवाय कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पुड्या. कडक भाकरी महिनाभर टिकते, म्हणून मुद्दाम घेतलेली. पहिल्याच आजोबांनी ती कपाळाला लावली, मग तोंड उघडून बोटानं हिरडी दाखवली. घरी आपण ती आमटीत कुस्करतो. फुटपाथवर आमटी कुठली?

सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे यात्रेचे दिवस. होम मैदानाच्या आसपास यात्रेला आलेलेही उघड्यावर निजतात, त्यामुळं रोजचा कोण आणि चार दिवसांचा कोण, अंधारात कळेना. एका बाईंच्या अंगावर मी चादर टाकली तर त्या खडबडून उठल्या. कर्नाटकातल्या इंडीहून आलेल्या, यात्रेतले नंदीध्वज बघायला. चादर परत देताना त्यांनी वर मलाच शेंगदाण्याची पोळी दिली.

स्टेशनाजवळ प्लास्टिक गोळा करणाऱ्या एक आजी भेटल्या. त्यांनी चादर दोन्ही हातांवर तोलली, अगदी मी काट्यावर तोललेली तशीच. म्हणाल्या, "ऊब लई हाय बाई. पण दिवसभर हिला कुठं ठिऊ?" त्यांचं सगळं घर एका पोत्यात. त्यात पावणेदोन किलोची भर, आणि भिजली तर दोन दिवस वाळायची नाही.

त्यांच्या पलीकडं हातगाडीवाला. त्यानं मान हलवून घेतली, आणि माझ्या डोळ्यांदेखत रस्त्यावर अंथरून चपलेनं तुडवली. भाचा पुढं सरसावला, मी दंड धरला त्याचा. "नवी दिसली की रात्रीत जाते मावशी," तो माणूस म्हणाला. "गेल्या साली ब्लँकेट दोन दिवस राहिलं." मी विचारलं, बेघरांच्या निवाऱ्यात का जात नाही? शहरात लाख लोकांमागं एक निवारा असावा असा केंद्राच्या योजनेचा नियम होता, हे मला वाचून ठाऊक. त्यानं गाडीच्या दांडीवर हात ठेवला. "आणि ही?"

संक्रांत झाल्यावर अण्णांकडं परत गेले. ते हसले नाहीत. काय हवंय ते मी या वेळी नीट सांगितलं: सेकंड, हलकी, सिंगल, रंग कॉफी नाहीतर गडद निळा, मळ न दिसणारा. सहा घेतल्या, धुऊन चार वेळा उन्हात टाकल्या, म्हणजे कोरेपण जाईल. आजींची जड चादर मागून घेतली आणि हलकी दिली. त्यांनी ती घडी करून पोत्याच्या तोंडाशी खोचली, जागच्या जागी. पहिल्यांतली एक कुणीतरी दीडशेला विकली म्हणे. भाचा अजून धुसफुसतोय. मला काही वाटलं नाही. दीडशेत त्याचं जे भागलं असेल ते त्याला माहीत.

तर घरच्या पलंगासाठी घेणार असाल तर एक नंबरच घ्या, वीस वर्षं बघायला नको. बाहेर द्यायला मात्र अण्णांचं पहिलं वाक्य ऐका. दुकानात पिशवी मिळत नाही, गठ्ठा सुतळीनं बांधून देतात. ती सुतळी टाकू नका. दोन्ही खेपांना चादरीपेक्षा आधी मागणी तिलाच होती.